संगणकाची झडती किती वेळा घ्यावी?

अंबाजोगाईतल्या माझ्या संगणकात दासोपंतांवरची वीस वर्षांची टिपणे आहेत; त्यामुळे मालवेअरची धास्ती पोथीला लागणाऱ्या कसरीसारखीच. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले: एटीएमने मागितलेल्या परवानगीला बँकेऐवजी बनावट स्विचच होकार देत होता. घरच्या संगणकात लपलेले ‘रूटकिट’ हेच करते. तपासणी विंडोजला फायली विचारते, उत्तर रूटकिट देते. मग रोज तपासा की वर्षातून एकदा! एरवी डिफेंडरचा पहारा चालू असेल तर महिन्याला एक पूर्ण तपासणी पुरे, अनोळखी पेनड्राइव्ह लावल्यास लगेच. संशय आला तर मात्र ‘ऑफलाइन’ तपासणी करावी. तीत विंडोज सुरू होण्याआधीच, साधारण पंधरा मिनिटांत शोध होतो. टिपणांची प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवतो, आणि ती डिस्क एरवी काढलेली असते.