खाचर, वरकस आणि रान : जांभूळ परिसराचा मागोवा

उल्हास नदीच्या खोऱ्यातील मौजे जांभूळ आणि शेजारची गावे यांच्या गेल्या दीड शतकाचा आढावा घेताना किती रान तुटले एवढाच हिशेब बहुधा मांडला जातो. परंतु जीवजातींचे वैविध्य जितके रानाच्या क्षेत्रावर, तितकेच कोणत्या जमिनीला कोणती जमीन लागून आहे यावरही अवलंबून असते, ही गोष्ट त्या हिशेबातून निसटते.

कल्याण-बदलापूरकडील जुन्या गावांची ठेवण अशी : सखलात भाताची खाचरे, त्यांवर गवताची वरकस जमीन, गुरचरण, उतारावर ऐन-किंजळाचे जंगल आणि ओहोळाकाठी करंज, उंबर, जांभूळ. ऐनाचे टहाळ आणि वरकसाचे गवत राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, खाचरात येई. १८७८ च्या वनकायद्यानंतर रानातून टहाळ-गवत आणण्याच्या हक्कांवर निर्बंध पडले, तेव्हा ठाणे-कुलाब्याच्या रयतेने एवढी ओरड केली, की सरकारला वन-आयोग नेमावा लागला. १८८७ साली त्याचा अहवाल निघाला. गावाच्या या ठेवणीत चंडोल माळावर, हळद्या झाडीत, बगळे खाचरात, असा प्रत्येकाचा ठाव वेगळा असे; आणि पहिल्या पावसात मासे ओहोळातून खाचरांत चढत ती वलगण, नदीपासून बांधापर्यंतची वाट अखंड असे तोवरच घडे.

जर्मन भूगोलतज्ज्ञ कार्ल ट्रॉल यांनी १९३९ मध्ये जमिनींच्या अशा परस्पर-रचनेच्या अभ्यासाला शास्त्राचे नाव दिले. परिस्थितिकीतज्ज्ञ मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये बेट जितके लहान व दूर, तितक्या त्यावरील जाती थोड्या, असा सिद्धान्त मांडला. तोवर इकडे १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले होते, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते. पुढे १९७२ मध्ये बारवी धरण उभे राहिले आणि त्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचे केंद्र जांभूळ येथे झाले. निर्वासितांना घर आणि कारखान्यांना पाणी हवेच होते, यात वाद नाही. मात्र कागदोपत्री पडीक ठरणारा माळ आणि निरुपयोगी वाटणारा ओहोळ यांचा बचाव करणारा कोणी नव्हता, आणि ते गेल्यावर उरलेल्या झाडीची बेटे झाली.

म्हणून जेथे मुळात माळ होता तेथे वृक्षारोपण करून ही हानी भरून निघणार नाही. यापुढे विकास आराखडा आखणाऱ्यांनी ओहोळ नळांत कोंडू नयेत, त्यांच्या काठची झाडी सलग ठेवावी आणि वरकसाचा एखादा तरी पट्टा गवताखाली राखावा.