ईदची भेट : माळ्यावर जाणारी की वापरात येणारी?

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माळ्यावर एक खोका असतो. त्यात काचेच्या सहा ग्लासांचा संच, एखादे भिंतीवरचे घड्याळ, प्लास्टिकची फुले आणि न उघडलेला चहाचा सेट असतो. हा सगळा माल ईदच्या भेटीत आलेला. पुढच्या ईदला त्यातलाच एखादा जिन्नस नवा कागद लावून दुसऱ्या नातेवाइकाकडे जातो आणि कधी कधी तीन-चार घरे फिरून मूळ मालकाकडे परत येतो. हसण्यासारखी गोष्ट आहे खरी, पण आपण दुकानदार मंडळी आहोत. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ईदला सगळे कुटुंब वडीलधाऱ्यांच्या घरी जमते. नमाज झाली, शिरखुर्मा झाला, की मुले ईदीसाठी रांग लावतात. दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, लेकी माहेरी येतात. अशा वेळी मोकळ्या हाताने जाणे कुणालाच बरे वाटत नाही. म्हणून चाँदरातीला, गल्ल्यावर गर्दी असताना, घाईघाईत काहीतरी उचलले जाते. घोळ तिथेच होतो. भेट काय द्यायची याचा विचार रमजानच्या पहिल्या आठवड्यात करावा. तेव्हा बाजारात गर्दी कमी असते, घासाघीस करता येते आणि माल नीट पाहून घेता येतो.

उपयोगी भेट शोधण्याची सोपी रीत म्हणजे त्या माणसाच्या घरी गेल्यावर नजर उघडी ठेवणे. खालाच्या कुकरचे हँडल तारेने बांधलेले आहे काय? मामूंची चप्पल कितीदा शिवलेली आहे? घरात शिलाई करणारी एखादी बाजी किंवा फुफू असेल तर तिचे मशीन पाहा. पायाने चालवायच्या जुन्या काळ्या मशीनवर दिवसभर बसून अनेक बायकांचे गुडघे धरतात. अशा मशीनला छोटी मोटर बसवता येते. पायाखाली दाबायची कळ येते आणि पायडल मारायचे काम सुटते. मात्र मोटर घेण्यापूर्वी मशीनच्या हातचाकाजवळ ती बसवायला जागा आहे की नाही हे मेकॅनिकला दाखवून घ्यावे, आणि बसवून देण्याची मजुरी आपणच भरावी. अर्धवट भेट देऊन पुढचा खर्च फुफूच्या डोक्यावर टाकू नये. ही एक भेट तिच्या रोजच्या कमाईत भर घालते, म्हणून ती दहा साड्यांपेक्षा मोठी आहे असे मी मानतो.

हाच विचार कारागीर भाच्या-पुतण्यांच्या बाबतीत करावा. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलाला शर्टपीसऐवजी चांगल्या पान्यांचा संच द्या. टेलरिंग शिकणाऱ्याला पोलादी कात्री द्या. उधार मागून आणलेल्या हत्याराने शिकणाऱ्या पोराला स्वतःचे हत्यार मिळाले की त्याचा हात वेगळाच चालतो.

कुकर, इस्त्री, गॅसची शेगडी अशा वस्तूंवर आयएसआयची खूण पाहूनच घ्यावे. घरगुती प्रेशर कुकरला तर ही खूण २०२१ पासून सक्तीची आहे. बिल आणि वॉरंटी कार्ड भेटीसोबतच द्यावे. किंमत दिसेल म्हणून बिल लपवले जाते, मग वस्तू बिघडली की ती व्यक्ती संकोचाने बोलतही नाही.

ऋतूचाही हिशेब धरावा. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते. आपल्याकडे २०२४ साली ती ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येईल. जुन्या मंडळींना आठवत असेल, २००० साली जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेरीस दुसरी अशा दोन रमजान ईद झाल्या होत्या. एप्रिलच्या उन्हात सुती कपडा, पाण्याचा माठ किंवा टेबल पंखा कामाचा. ईद थंडीकडे सरकेल तशी सोलापुरी चादर कामाची. कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानदारांनी खरेदी करताना हे लक्षात ठेवले तर गेल्या सालचा माल अंगावर पडणार नाही.

आता थोडे आपल्या वह्यांबद्दल. भेटीसाठी दुकानातून माल उचलताना 'आपलेच तर आहे' म्हणून नोंद केली जात नाही. ईदनंतर घाऊक व्यापाऱ्याचा तगादा सुरू होतो तेव्हा कळते की भांडवलच खाल्ले गेले. उचललेला प्रत्येक नग खरेदीच्या भावाने घरखर्च खाती लिहावा. जीएसटी भरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : भेट म्हणून दिलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. घेतली असेल तर ती परत करावी लागते.

रोख रक्कम द्यायची असेल तर प्राप्तिकराचा नियमही पाहावा. कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, रक्कम कितीही असो. इतरांकडून वर्षभरात मिळून ५० हजार रुपयांच्या वर रक्कम आली तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. यात गंमत अशी की आपले चुलतभाऊ-मावसभाऊ कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत बसत नाहीत. चाचाने पुतण्याला दिलेले पैसे करमुक्त असतात, पण पुतण्याने चाचाला दिलेल्या पैशांना ही सवलत नाही. आणि नात्यातला माणूस असला तरी एका दिवसात त्याच्याकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. ती बँकेतूनच घ्यावी.

गरीब नातेवाइकाच्या बाबतीत मात्र जरा जपून. जकातीचा पैसा आणि भेटीचा पैसा दोन वेगळ्या पाकिटांत असावा, कारण भेटीत देवाणघेवाण असते, जकातीत परतीची अपेक्षा नसते. शिवाय महागडी भेट मिळालेली बहीण परतफेडीसाठी कर्ज काढते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिच्या घरी पाच किलो तांदूळ, तेलाचा डबा आणि मुलांच्या शाळेची दप्तरे न्यावीत. ती दुसऱ्या दिवसापासून वापरात येतात. तिने परत काही दिले तर डब्यातल्या घरच्या शेवयाच पुरेत, असे तिला आधीच हसत सांगून ठेवावे.