टाकी, कागद आणि आकाशातली वेस

वेस म्हणजे काय, हे भिवंडीजवळच्या कशेळीला कोणी शिकवायला नको. मुंबईत जकात होती तोवर माल शहराच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांना परवडायचं. खाडीपलीकडच्या या पट्ट्यात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या बऱ्याच अंशी त्यामुळेच. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली. याच कशेळीपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत जुहूची धावपट्टी आहे. तिथून चार सीटचं छोटं विमान घेऊन परदेशी जायचं म्हटलं, की आकाशातही वेस असते आणि ती ओलांडायला रस्त्यापेक्षा जास्त कागद लागतात, हे पहिल्याच दिवशी कळतं.

जुहूला या हौसेचा वारसा मोठा आहे. 1928 साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा उडायला शिकले आणि फेब्रुवारी 1929 मध्ये त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी आगा खान यांनी ठेवलेल्या बक्षिसासाठी ते कराचीहून एकटे इंग्लंडकडे निघाले. स्पर्धेतले प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. बक्षीस अस्पींनी जिंकलं. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडींनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं तेव्हा वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. इंधन ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी हजर नसेल तर उत्तम विमान आणि उत्तम वैमानिक दोघेही मैदानात बसून राहतात. ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

अलीकडच्या काळातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण मुंबईच्या आरोही पंडित हिचं. 30 जुलै 2018 ला ती आणि किथेअर मिस्किटा पतियाळाहून ‘माही’ नावाच्या दोन सीटच्या विमानातून निघाल्या. स्लोव्हेनियात बनलेलं हे पिपिस्ट्रेल सायनस विमान जेमतेम चारशे किलोंच्या घरातलं. राजस्थान, गुजरात, पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान, सर्बिया असं करत त्या युरोपात पोहोचल्या. पुढे अटलांटिक होता. त्यासाठी दुसऱ्या सीटच्या जागी जादा इंधनाची टाकी, हवेनं फुगणारी जीवरक्षक नाव आणि ऑक्सिजन ठेवावा लागला आणि माणसाला जागाच उरली नाही. म्हणून मे 2019 मध्ये स्कॉटलंडमधल्या विकहून आइसलँड, ग्रीनलंडमार्गे कॅनडातल्या इकालुइटपर्यंत आरोही एकटी गेली. हलक्या स्पोर्ट विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री. या मोहिमेच्या धाडसाचं कौतुक भरपूर झालं, ते योग्यच होतं. पण इतक्या देशांचे उतरण्याचे परवाने ज्यांनी टेबलाशी बसून एकेक करून मिळवले, त्यांच्या कामाबद्दल फारच कमी लिहिलं गेलं.

इंधनाचं गणित मात्र नीट बघायला हवं, कारण बहुतेक बेत तिथेच मोडतात.

प्रवासी जेट विमानं एटीएफवर, म्हणजे केरोसीनच्या जातीच्या इंधनावर चालतात. ते प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळतं. सेसना 172 सारख्या छोट्या विमानाच्या पिस्टन इंजिनाला एव्हगॅस 100 एलएल लागतं. ते फिकट निळं असतं आणि त्याचं कारण सुरक्षेचं आहे. सकाळी उड्डाणाआधी वैमानिक पंखाखाली वाकतो, छोट्या पारदर्शक पेल्यात टाकीच्या तळाचं इंधन काढतो आणि उजेडाकडे धरतो. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतोय का? रंग निळाच आहे ना? चुकून एटीएफ भरलं गेलं असेल तर इंजिन जमिनीवर सुरू होऊ शकतं आणि उड्डाणानंतर बंद पडू शकतं.

हे एव्हगॅस भारत अलीकडेपर्यंत युरोपातून आणत असे. इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीत ते बनवून 26 सप्टेंबर 2022 ला हिंडन इथे बाजारात आणलं आणि जानेवारी 2024 मध्ये आपल्या न्हावाशेवा बंदरातून 80 पिंपांची पहिली खेप पापुआ न्यू गिनीला रवाना केली. आनंदाचीच गोष्ट. तरी देशातल्या प्रत्येक विमानतळावर ते मिळत नाही. माहीसारख्या विमानाचं रोटॅक्स इंजिन साध्या पेट्रोलवरही चालतं, पण त्यात 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं. आपल्या पंपांवर आता मुख्यतः 20 टक्केवालं मिळतं. त्यामुळे तीही सोय हातची गेल्यासारखीच आहे.

समजा, मालदीवला जायचं आहे. तिरुवनंतपुरमहून माले सुमारे 600 किलोमीटर, सगळं पाण्यावरून. सेसनाच्या टाकीत वापरण्याजोगं इंधन साधारण 200 लिटर. तासाला 34 लिटर खर्च आणि 200 किलोमीटरचा वेग धरू. तीन तास, 102 लिटर. समोरून ताशी 40 किलोमीटरचा वारा लागला तर पावणेचार तास आणि 128 लिटर. वर 45 मिनिटांचा राखीव साठा धरायचा. शिवाय मालेत उतरता आलं नाही तर हनिमाधूसारख्या पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याची तरतूद हवीच. म्हणजे पोहोचणं जमेल, पण मालेत इंधन न भरता परत येणं जमणार नाही. मालेत छोटी सीप्लेन सतत उडताना दिसतात, म्हणून निर्धास्त होणं धोक्याचं. त्या ट्विन ऑटर विमानांची इंजिनं टर्बाइनची, एटीएफवर चालणारी. आपल्याला हवं ते निळं इंधन पिंपातून आधी मागवून ठेवलं आहे, असं लेखी उत्तर हाती आल्याशिवाय निघू नये. टाक्या भरल्या की इंधनाचंच वजन सुमारे 144 किलो होतं. मग चार सीट असल्या तरी चार मोठी माणसं आणि सामान बसत नाही. कोणाला घरी ठेवायचं हे वजनकाटाच ठरवतो.

कागदांचा पाया 7 डिसेंबर 1944 च्या शिकागो करारात आहे. आपल्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता, हे त्याचं पहिलंच कलम. खासगी विमानांना बिनपरवाना येऊ द्यावं, असं पाचवं कलम काही अटींवर म्हणतं, पण व्यवहारात बहुतेक देश परवाना मागतात. विमानाची नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, वैमानिकांचे परवाने, प्रवासाची लॉगबुक, रेडिओ परवाना आणि प्रवाशांची यादी विमानात असावीच लागते. टाकीत आलेल्या आणि टाकीतूनच परत जाणाऱ्या इंधनावर सीमाशुल्क नाही, ही चोविसाव्या कलमाची मोठी मेहेरबानी. विम्याची पॉलिसी कोणकोणत्या देशांत लागू आहे ते वाचून घ्यावं. पासपोर्ट-व्हिसाच्या बाबतीत एअरलाइनच्या कर्मचाऱ्यांसारखी सवलत खासगी वैमानिकानं गृहीत धरू नये. परदेशी पाहुणे संकटकाळासाठी उपग्रह संदेशयंत्र जवळ बाळगतात, पण भारतात ते परवान्याशिवाय बाळगल्याबद्दल काहींना अटकही झाली आहे.

जुहूहून थेट परदेशी जाता येत नाही, कारण कस्टम्स आणि इमिग्रेशन असलेल्या विमानतळावरूनच देश सोडावा लागतो. शेजारच्या सांताक्रूझला रोज नऊशेच्या आसपास उड्डाणं-उतरणं होतात; त्या गर्दीत छोट्या विमानाला वेळ मिळणं अवघड. फ्लाइट प्लॅन भरल्यावर हवाई संरक्षणाची मंजुरी म्हणून एडीसी नंबर घ्यावा लागतो. लहान विमानतळांवर आगाऊ कळवल्यास कस्टम्स अधिकारी येतील अशी सोय वाढली, तर कितीतरी हौशी वैमानिकांचे बेत मार्गी लागतील.

राजकारणही नकाशा बदलतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आणि भारतानं पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केलं. त्याआधी हा रस्ता खुला असताना जेआरडींनी 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, कराची–मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखवलं होतं. माहीही 2018 मध्ये पाकिस्तानमार्गेच पश्चिमेला गेली. ते आकाश बंद असेल तर मुंबईहून मस्कतला समुद्रावरून दीड हजार किलोमीटरहून जास्त जावं लागतं, आणि सेसनाची नेहमीची टाकी त्याला पुरत नाही. मग नेपाळ, श्रीलंका, मालदीव यांसारखे शेजारी देशच आवाक्यात उरतात.

परतीचा नियमही पाठ हवा. परदेशातून येणारं विमान कस्टम्स विमानतळावरच उतरलं पाहिजे, असं 1962 चा सीमाशुल्क कायदा कलम 29 मध्ये सांगतो. वादळवाऱ्यानं किंवा बिघाडानं दुसरीकडे उतरावं लागलं तर त्याच कलमात सोय आहे. मालेहून येणारं विमान पावसामुळे कस्टम्स नसलेल्या एखाद्या धावपट्टीवर उतरलं, तर वैमानिकानं ताबडतोब जवळच्या कस्टम्स अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला कळवायचं आणि मागितल्यास लॉगबुक दाखवायची. परवानगी मिळेपर्यंत सामान उतरवायचं नाही आणि कोणी विमानापासून लांब जायचं नाही; तब्येत, सुरक्षितता, जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी गरज असेल तेवढाच अपवाद.