ढिगाचा कोन

दिवाळीचा किल्ला ज्याने लहानपणी केला आहे, त्याला मॉडेल रेल्वेचे अर्धे तंत्र आधीच ठाऊक असते. दगड-विटा रचायच्या, चिखलात बुडवलेले गोणपाट त्यांच्यावर अंथरायचे, वरून माती थापायची, अळीव पेरायचे. मग बाजारातून आणलेले मावळे उभे करायचे, आणि ते तटबंदीपेक्षा उंच निघाले तरी कुणी तक्रार करत नाही. मॉडेल रेल्वेवाल्याकडे मात्र हे चालत नाही. त्याच्याकडे सगळे एका प्रमाणात बांधलेले असते. त्यांतले फार वापरले जाणारे प्रमाण म्हणजे ‘एचओ’: ८७ फुटांचा एक फूट. या प्रमाणात सहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो आणि दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर भरते. पुण्यातले जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना अशा मांडणीची, म्हणजे लेआउटची, कल्पना सहज येईल.

इथे या जगातल्या एकाच कोपऱ्याविषयी लिहायचे आहे. तो कोपरा कोळशाच्या खाणीचा, तोही अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांतला, पश्चिम व्हर्जिनिया आणि आसपासच्या मुलखातला.

खाणच का, याचे कारण रेल्वेच्या गरजेत आहे. खेळण्यातली गाडी गोल फिरते आणि त्यात मूल खूश असते. मोठ्या माणसाला काही दिवसांनी प्रश्न पडतो की ही गाडी चालली कुठे आणि कशासाठी? ओहायो राज्यातल्या डेटन शहरी ॲलन मॅक्लेलंड यांनी घराच्या तळघरात ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ नावाची एक कल्पित रेल्वे बांधली. तळघराच्या भिंतीपाशी रेल्वे संपत नाही, हे तिचे तत्त्व. न दिसणाऱ्या गावांहून माल येतो, न दिसणाऱ्या गिऱ्हाइकांकडे जातो, आणि आपल्याला दिसतो तो या प्रवासाचा मधला तुकडा. असा विचार एकदा सुरू झाला की खाणीसारखे गिऱ्हाईक नाही. रिकाम्या वाघिणी रोज मागते, भरलेल्या रोज परत देते.

जागेच्या दृष्टीनेही हा मुलूख सोयीचा आहे. तिथल्या अरुंद घळींना ‘हॉलो’ म्हणतात. दोन्ही अंगांना चढ, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ओढा, रस्ता, रूळ आणि कामगारांची एकसारखी घरे. भिंतीला लावलेली साठ सेंटिमीटर रुंदीची फळी एचओमध्ये सुमारे ५२ मीटर होते. दुसऱ्या कुठल्याही देखाव्याला ही रुंदी अपुरी वाटेल. हॉलोला ती जवळजवळ खरीच आहे.

डोंगर उभा करायची रीत किल्ल्याचीच. गोणपाटाऐवजी कागदी टॉवेल, चिखलाऐवजी पातळ प्लास्टर, दगडांऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी. ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी ही पद्धत ‘हार्डशेल’ या नावाने रूढ केली. आता पुष्कळजण थर्माकोलसारखा फोम कापून काम भागवतात. त्यावर माती पसरायची असेल तर ती आधी चाळून तिच्यातून लोहचुंबक फिरवावा लागतो, कारण मातीतले लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटरीत शिरले की इंजिन बसते. मग फेव्हिकॉलसारखा डिंक पाण्यात सैल करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून, तो ड्रॉपरने सोडायचा. साबण नसेल तर पाण्याचे गोल थेंब मातीवर तसेच बसून राहतात. पाणी कुठल्याही प्रमाणात लहान होत नाही.

या देखाव्यातली मुख्य इमारत म्हणजे टिपल. खाणीतल्या छोट्या गाड्या उलट्या करून, म्हणजे ‘टिप’ करून, कोळसा ओतायची जागा, म्हणून हे नाव. उंच खांबांवर उभी असलेली ही पत्र्याची इमारत रुळांवर आडवी येते. आत हलत्या चाळण्या असतात. मोठे ढेकूळ एका रुळावर, मध्यम दुसऱ्यावर, चुरा तिसऱ्यावर, असा कोळसा आकारानुसार वेगवेगळ्या वाघिणींत पडतो. टिपलखाली तीन-चार रूळ का असतात, हे यावरून कळते. नवशिक्याला ते केवळ शोभेचे वाटतात.

इथे एक चूक हमखास होते. खऱ्या खाणीवर इंजिन रिकाम्या वाघिणी टिपलच्या वरच्या अंगाला नेऊन सोडते. रुळाला हलका उतार असतो. ब्रेक सैल केला की एकेक वाघीण आपसूक टिपलखाली येते, भरते, आणि खालच्या अंगाला जाऊन थांबते. म्हणजे टिपलच्या खाली जितका रूळ लागतो तितकाच वरही लागतो. लेआउटवर टिपल झाले की चार बोटांवर रूळ संपवलेला असतो. अशा खाणीत दिवसाला एक वाघीण भरेल.

बाकीचे सगळे मात्र खोटेच असते, आणि ते खोटे असल्याची लाज कुणी बाळगत नाही. पन्नास टनी जुनी हॉपर वाघीण साधारण दहा मीटर लांब, एचओमध्ये बारा सेंटिमीटर. शंभर वाघिणींची गाडी केली तर ती बारा मीटर होईल, म्हणून वीस वाघिणींना शंभर मानायचे. टिपलची इमारतही निम्म्यावर आणायची, फक्त खिडक्या-दरवाजे प्रमाणात ठेवायचे, म्हणजे डोळा फसतो. आणि कोळसा? भरलेल्या वाघिणीत खरा कोळसा नसतो. फोमच्या तुकड्यावर कोळशाचा थर चिकटवलेला असतो. मग वाघीण खाणीत रिकामी जाऊन भरून कशी निघते?

यावरची युक्ती मला या छंदातली सर्वांत सुंदर वाटते. चित्रित पडद्याच्या एका बाजूला खाण मांडायची, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्र, आणि दोन्हींचे रूळ पडद्याला पाडलेल्या भोकांतून जोडून टाकायचे. खाणीत ढकललेल्या रिकाम्या वाघिणी पडद्यापलीकडे वीजकेंद्रातून रिकाम्या निघतात. वीजकेंद्रात ढकललेल्या भरलेल्या वाघिणी अलीकडे खाणीतून भरलेल्या निघतात. कोळशाचा एक कणही हलत नाही, आणि व्यवहार मात्र दिवसभर चालू असतो. दोन्ही जागा एकाच वेळी दिसू नयेत एवढेच सांभाळायचे.

इतक्या खोट्या गोष्टींत एक गोष्ट मात्र खोटी करावी लागत नाही, करूही नये. ती म्हणजे ढीग.

खाणीतून कोळशाबरोबर दगड येतो, पाटीचा दगड, माती, कोळसा मिसळलेली निकामी खडी. ही सगळी टिपलपाशी निवडून बाजूला काढतात आणि घळीत नेऊन टाकतात. त्या ढिगाला तिकडे ‘गॉब पाइल’ म्हणतात. कोरडे, सुटे कण वरून सोडले की ढीग एका ठरावीक उतारावर स्थिरावतो, असल्या खडीचा साधारण ३५ ते ४० अंशांवर. गंमत अशी की हा कोन ढिगाच्या आकारावर अवलंबून नसतो. शंभर मीटर उंचीच्या ढिगाचा जो उतार, तोच वाटीतून ओतलेल्या चाळलेल्या कोरड्या खडीचा. ८७ने भागायची गरज नाही. चंद्रपूर-वणीकडे किंवा गोव्याच्या खाणपट्ट्यात फिरलेल्यांनी असे उतार पाहिलेले असतात. डोंगराच्या रेषेत ते लगेच वेगळे ओळखू येतात. म्हणून फोम कापून ढीग करणाऱ्याचा ढीग टेकडीसारखा दिसतो, आणि नुसती खडी वरून ओतून डिंक सोडणाऱ्याचा ढिगासारखा.

रंगाचेही तेच. हा ढीग काळाभोर नसतो. तो करडा, ठिपक्याठिपक्यांचा असतो, आणि मध्येच विटकरी पट्टे असतात. आत राहिलेला कोळसा आपोआप पेट घेतो, वर्षानुवर्षे धुमसतो, आणि भाजलेला दगड लाल होतो. त्याला ‘रेड डॉग’ म्हणतात; तो रस्त्यांवर टाकायला वापरत. लेआउटवर खाणीकडे जाणारा रस्ता लालसर दिसला की समजावे, करणाऱ्याने अभ्यास केला आहे.

पण ढीग किती मोठा हवा? लंबी-रुंदी ८७ने लहान होते, तर घनफळ ८७च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी. पन्नास टन कोळसा एचओमध्ये सत्तरेक ग्रॅम उरतो. आता समजा आपल्या खाणीतून रोज वीस वाघिणी निघतात, म्हणजे हजार टन. दर तीन टन कोळशामागे एक टन दगड धरू, कामाचे दिवस २५०. वर्षाला सुमारे ८३ हजार टन दगड झाला, म्हणजे ५२ हजार घनमीटर. एचओमध्ये ते भरतात ७९ लिटर, चार-पाच बादल्या. वीस वर्षे खाण चालली असेल तर दीड घनमीटरहून जास्त. त्याचा शंकू आपल्या कोनात ओतला तर तळाशी अडीच मीटर रुंद आणि जवळजवळ एक मीटर उंच होतो. फळीची रुंदी साठ सेंटिमीटर, हे लक्षात घ्या. आपण मांडलेले टिपल, वीस वाघिणी आणि अख्खी कामगार वस्ती त्याखाली गडप होईल. लेआउटवर सहसा वाटीभर ढीग दिसतो, टिपलच्या मागे, थोडा गवताने झाकलेला.

हे लेआउटवाल्यांचे दुर्लक्ष आहे असे मी म्हणणार नाही. जागा कुणाकडेच नसते. पण टिपल निम्म्यावर आणताना खिडक्या तरी प्रमाणात ठेवतात. ढीग लहान करताना मात्र तो नजरेतूनच जातो, आणि खाण म्हणजे कोळसा देणारी जागा एवढेच उरते. १९४६ साली अमेरिकी सरकारने खाणकामगारांच्या आरोग्याची आणि राहणीची पाहणी केली, तेव्हा रसेल ली यांनी वस्त्यांमधली शेकडो छायाचित्रे काढली. ती तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घरे, कपडे धुणाऱ्या बायका, कंपनीचे दुकान, पाणी भरायची जागा. लेआउटसाठी खिडकीची मापे शोधायला ती उघडली तरी डोळा मागच्या उतारावर जातो.

पुढे यंत्रांनी खणणे वाढले तसा कोळशात दगड जास्त येऊ लागला आणि तो पाण्याने धुणे भाग पडले. धुण्याचे काळे पाणी ओढ्यात सोडू नये म्हणून तेच टाकाऊ दगड घळीत आडवे टाकून बांध घालू लागले. पश्चिम व्हर्जिनियातल्या लोगन जिल्ह्यात बफेलो क्रीकच्या माथ्यावर असे बांध होते. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी, शनिवारी सकाळी आठच्या सुमारास, वरचा बांध फुटला. सुमारे १३ कोटी २० लाख गॅलन पाणी घळीतून खाली गेले. १२५ माणसे मेली, हजाराहून अधिक जखमी झाली, चार हजारांवर बेघर झाली. त्याआधी १९६६ साली वेल्समध्ये ॲबरफन गावी खाणीचा ढीग पावसाने ओला होऊन शाळेवर सरकला होता. तिथे १४४ मेले, त्यांत ११६ मुले. ओला ढीग आपला कोन सोडतो.

बफेलो क्रीकचे पाणी एचओमध्ये आणले तर सुमारे साडेसातशे लिटर होते. इमारतीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाऊण टाकी. ते ज्या घळीतून गेले, ती सुमारे २७ किलोमीटर लांब; एचओमध्ये तीनशे मीटरहून थोडी जास्त. कोणत्याही तळघरात न मावणारी.

ॲपलेशियन लेआउट बहुधा १९५०च्या दशकातले असतात, वाफेच्या इंजिनांच्या शेवटच्या वर्षांतले. त्यांत हे तळे येत नाही. पण ज्याला १९७० धरायचे आहे, त्याच्यासाठी ते करणे अवघड नाही. तळाला प्लायवूड, वर काळ्या रंगाची गाळाची साय, आणि वरून राळेचे दोन पातळ थर, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. बांध मात्र फोमचा करायचा नाही. तोही ढिगातलीच खडी ओतून करायचा. नकाशा पाहिला तर तळे येते ते घळीच्या माथ्याला, टिपलच्या आणि वस्तीच्या वर, म्हणजे लेआउटच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात. तिथे नंतर हात पोचत नाही. म्हणून ते आधी करून घ्यावे, घरे नंतर.