मातीतील शिसे अंगी किती लागते?

जुन्या बॅटऱ्या फोडून जेथे शिसे वितळविले गेले असेल, तेथील माती त्या धातूने दूषित झालेली असते. नमुना प्रयोगशाळेत पाठविला असता एक किलोग्रॅम मातीत इतके मिलिग्रॅम शिसे, असा आकडा हाती येतो. तथापि हा आकडा मातीचा होय, शरीराचा नव्हे. अंगणात खेळणारे मूल मातीची बोटे तोंडात घालते, तेव्हा त्यातील किती शिसे रक्तात उतरते, यावर अपाय अवलंबून असतो.

गंधकाशी संयोग पावलेले शिसे जठररसात फार थोडे विरघळते; कार्बोनेटच्या रूपातील शिसे मात्र सहज विरघळते. त्यामुळे दोन जागांचे आकडे सारखे असूनही धोका सारखा नसतो. शिवाय हाताला चिकटते ती बारीक माती, आणि बारीक कणांतूनच शिसे लवकर सुटते.

हे मोजण्यासाठी मुलांवर प्रयोग करणे अर्थातच शक्य नाही. अमेरिकेत दूषित जागांची माती डुकराच्या पिलांना चारून पाहण्यात आली, कारण त्यांची पचनसंस्था लहान मुलांच्या पचनसंस्थेशी पुष्कळशी जुळते. पाण्यात विरघळणाऱ्या शिशाच्या तुलनेत काही मातींतील शिसे जवळजवळ तितकेच शोषले गेले, तर काहींतील दहाव्या हिश्शाहूनही कमी. परंतु प्रत्येक नमुन्यासाठी पिले पाळणे परवडत नाही. सबब बाटलीतील कसोटी योजण्यात आली. बारीक चाळलेली १ ग्रॅम माती १०० मिलिलिटर आम्ल द्रावणात घालतात. द्रावणाचा सामू १.५, म्हणजे उपाशी पोटातील रसासारखा, आणि उष्णता शरीराइतकी, ३७ अंश सेल्सिअस असते. बाटली तासभर फिरवून, विरघळलेले शिसे एकूण शिशाच्या किती टक्के आहे ते काढतात. पिलांवरील निष्कर्षांशी हे आकडे चांगले जुळले. मात्र प्रत्येक धातूला हीच कसोटी लावता येईल असे समजू नये.

ग्रामसेवकांनी अशा जागेचा नमुना खोल खणून घेऊ नये. मुलांचा हात लागतो तो वरचा इंचभर थरच घ्यावा. उपाशी पोटी शिसे अधिक शोषले जाते, म्हणून मुलांना वेळेवर खाऊ घालावे व त्यापूर्वी त्यांचे हात धुवावेत.

स्फुरदयुक्त द्रव्ये मिसळल्यास शिशाचे कमी विरघळणारे संयुग बनते, हे खरे. पण तेवढ्यावरून कोणी सुपर फॉस्फेटचे पोते रिकामे करू नये! त्याच मातीत आर्सेनिक असल्यास स्फुरदामुळे ते मोकळे होऊन पाण्यात उतरू शकते. आधी दोन्हींची तपासणी करून घ्यावी.