शिडीखालची पाटी कोणत्या भाषेत?

गळीत हंगाम संपून बॉयलर थंड झाला की साखर कारखान्यांत दुरुस्तीचे दिवस सुरू होतात. धुराड्याला रंग द्यायचा, मळीच्या टाक्या तपासायच्या, छपराचे गंजलेले पत्रे बदलायचे. सारे पावसाआधी उरकायचे असते आणि त्यातले निम्मे काम उंचावरचे असते. अशाच दिवसांत सीमाभागातल्या एका कारखान्यात आम्ही गेलो होतो. मळीच्या टाकीला जोडलेली सरळ उभी लोखंडी शिडी, तिच्याभोवती गोल कड्यांचा पिंजरा आणि पायथ्याशी एक नवी कोरी पिवळी पाटी. पाटीवर इंग्रजीत चार ओळी. तिच्याशेजारी रंगाचा डबा कमरेला बांधून चढण्याच्या तयारीत असलेला पन्नाशीचा रंगारी.

“मामा, पट्टा घातलाय, पण हुक मोकळाच?” आम्ही विचारले.

“पट्टा हाय की. घातल्याबगर आत सोडत न्हाईत. हुक कुठं अडकवायचा ते कोण सांगालंय?”

पाटीवर नेमके तेच लिहिले होते.

मामांना आम्ही दोष देणार नाही. चार इयत्ता मराठी शाळेत शिकलेला माणूस इंग्रजी पाटी वाचणार कशी? तीच पाटी नुसत्या कन्नडमध्ये असती तरी त्यांचा प्रश्न सुटला नसता, आणि नुसत्या मराठीत असती तर त्यांच्याबरोबर आलेल्या ओडिशाच्या दोन पोरांचा सुटला नसता. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की गाडी लगेच १९५६ वर जाते. आज तिथे जायचे नाही. आजचा प्रश्न दहा मीटर उंचीचा आहे.

दहा मीटरवरून सुटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत खाली पोहोचतो आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. सावरायला वेळच मिळत नाही. दोन मीटरवरून पडला तरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणून पडल्यावर काय करायचे हे चढण्यापूर्वीच ठरवावे लागते.

आता तो पिंजरा. तो पाहून बघणाऱ्याला धीर येतो, चढणाऱ्याला तर जास्तच. पाठीमागे कडी आहेत, पडलो तर अडकू, अशी समजूत. ब्रिटनच्या सुरक्षा खात्यासाठी झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत माणसाच्या वजनाचे पुतळे पिंजऱ्यातून सोडून पाहिले. पिंजरा पडणाऱ्याला खात्रीने थांबवतो असे काही दिसले नाही. उलट कड्यांवर आपटून इजा वाढण्याचा संभव. अमेरिकेने २०१६ साली नियम बदलला. १९ नोव्हेंबर २०१८ पासून बसवलेल्या, २४ फुटांहून उंच स्थिर शिडीला नुसता पिंजरा चालत नाही, पडणे रोखणारी यंत्रणाच लागते. आपल्याकडे मात्र पिंजरा वेल्ड केला की काम झाले असे मानणारे मुकादम अजून भेटतात.

ती यंत्रणा म्हणजे काही अवघड प्रकार नव्हे. शिडीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत ताणलेली पोलादी तार किंवा रूळ असतो. त्यावर एक घसरते कडे. माणूस हळूहळू चढला की कडे त्याच्याबरोबर वर सरकते. तो अचानक खाली आला की कडे तारेला चावते आणि तिथेच थांबते. विहिरीच्या रहाटाला खुट्टी अडकावी तसे म्हणा. हे कडे पट्ट्याच्या छातीवरच्या रिंगेला जोडायचे, पाठीवरच्या नव्हे, आणि मधले अंतर अमेरिकी नियमाप्रमाणे ९ इंचांपेक्षा जास्त नको. अंतर वाढले की पडणे वाढते, पडणे वाढले की झटका वाढतो. पट्टाही खांद्यांवरून आणि मांड्यांतून जाणारा हवा. नुसत्या कमरपट्ट्याने पडणारा थांबतो, पण सारा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. अमेरिकेत बांधकामावर पडणे रोखण्यासाठी कमरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासूनच बंदी आहे.

तार नसेल तिथे दोन हुकांची दोरी वापरतात. एक हुक वर अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. मात्र तो हुक ज्या गजात अडकवायचा तो गंजलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते. रंगाचा डबा कमरेला बांधून चढायचे नाही, मागाहून दोरीने वर ओढून घ्यायचा. दोन्ही हात शिडीला हवेत. आणि लटकलेल्या माणसाला खाली कोण, कसे उतरवणार हे आधी ठरलेले हवे. पट्ट्यात निश्चल लटकून राहिले की रक्त पायांत साठते. उशीर झाला तर पडण्यातून वाचलेला माणूस लटकण्यात दगावू शकतो.

यातले निम्मे जरी त्या पिवळ्या पाटीवर मामांना वाचता आले असते तर?

कायद्याला हे सुचले नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १०८ मध्ये सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचा दंडक होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. पण जुन्या कलमातच दोन अडचणी होत्या. एक, सूचना मुख्य दाराजवळ लावायची. माणूस पडतो शिडीवरून. दुसरी, ‘बहुसंख्य’ हा शब्द. उंचावर चढणारे बहुधा ठेकेदाराचे चार-सहा लोक, ते बहुसंख्य कधीच नसतात. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात असे ठरले होते. तो ठराव सरकारी कागदांपुरता. कारखान्याच्या शिडीपर्यंत तो कशाला चढेल!

आमच्या मते शिडीखालच्या पाटीवर तीन भाषा आणि एक चित्र, एवढी जागा सहज असते. मराठीत तिच्यासाठी नवे शब्द घडवत बसायचीही गरज नाही. हार्नेसला कामगार पट्टा म्हणतात, हुकाला हुक. ‘पतनरोधक प्रणाली’ असे लिहिले तर मामांना ती पाटीही इंग्रजीच वाटेल.

आम्ही त्या चार ओळी मामांना मराठीत वाचून दाखवल्या. त्यांनी शिडीमधली तार हाताने चाचपून पाहिली. दोन वर्षे ती तिथे होती म्हणे. झेंड्याची दोरी बांधायची असेल असे त्यांना वाटले होते. घसरते कडे कुठे आहे म्हणून चौकशी केली, तर ते भांडारात, कुलपात. किल्लीवाला कारकून जेवायला गेलेला.

मामांनी कमरेचा डबा सोडून खाली ठेवला आणि टाकीच्या सावलीत बसले. त्या दिवशी रंग दुपारनंतर लागला.