समुद्र घेतला, पडदा ओढला

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेल्या कुणालाही विचारा, नरिमन पॉइंट कुठे? तो हात लांब करून एअर इंडियाची इमारत दाखवील. १९७४ साली पूर्ण झालेली, जॉन बर्गी या अमेरिकी वास्तुरचनाकाराने आखलेली ही २३ मजली इमारत म्हणजे त्या टोकाची खूणच. दुरून ओळखू येणारी अशी एखादी इमारत आपल्या हातून व्हावी, हे आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाचे स्वप्न असते. माझेही होते. नव्वदच्या दशकात तशी संधी चालून आली. तिचे मी काय केले, ते आज प्रांजळपणे सांगतो.

नरिमन पॉइंटची जमीन मुळात समुद्राचीच. १९२० च्या दशकात बॅकबेमध्ये भराव घालण्याच्या योजनेतला गैरकारभार वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. पुढे भराव घालून मिळवलेल्या जमिनीला त्याच भरावावर टीका करणाऱ्याचे नाव मिळाले! साठ-सत्तरच्या दशकांत तेथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, आणि समुद्र दिसणारी कचेरी ही मुंबईत प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

मला मिळालेला भूखंडही असाच, पश्चिमेला समुद्र असलेला. मालकांची मागणी एकच होती : परदेशात असते तशी सगळी काच हवी, प्रत्येक टेबलावरून समुद्र दिसला पाहिजे. मी मान डोलावली. रंगीत काच लावू, वातानुकूलन तर आहेच, असे स्वतःला समजावले.

येथेच चुकलो. मुंबई १९ अक्षांशावर आहे. १५ मेच्या सुमारास भर दुपारी आपली सावली पायाखाली येते. डोक्यावरचे हे ऊन साधा छज्जाही अडवतो. पण चार वाजता सूर्य कलला की पश्चिमेचे ऊन छज्जाखालून थेट टेबलावर येते. पावसाळ्यात सरीही त्याच बाजूने तिरप्या येतात. देखावा, वारा, ऊन आणि पाऊस, चौघेही एकाच दाराने येणारे पाहुणे. पहिल्या दोघांना आत घ्यायचे आणि उरलेल्यांना उंबऱ्याबाहेर थोपवायचे, हीच या कामातली खरी परीक्षा.

आपल्या कोकणातल्या घरांनी ती पडवी देऊन सोडवली होती. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कंबाला हिलवरच्या 'कांचनजंगा'त कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या दिल्या, म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच उंचावर नेला. ती राहती घरे, कचेरीत हे कसे जमायचे, असे कुणी म्हणेल. अहमदाबादला साबरमतीच्या काठी ल कॉर्बुझिए यांनी गिरणीमालक संघासाठी बांधलेली इमारत १९५४ ची. तिच्या पश्चिमेच्या तोंडावर काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरक्या बसवल्या आहेत. ऊन अडते, वारा येतो. हे सारे मी विद्यार्थी असताना अभ्यासले होते. गिऱ्हाइकापुढे मात्र तोंड उघडले नाही.

उद्घाटनानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात सहज गेलो, तर पश्चिमेचे सगळे पडदे खाली आणि भर दुपारी ट्यूबलाइट चालू. मी एक पडदा वर करू लागलो, तसा शिपाई धावत आला.

"साहेब, तो राहू द्या. दोननंतर पडदा उघडायचा नाही, असा मोठ्या साहेबांचा हुकूम आहे."

तो मला ओळखत नव्हता, हे माझे नशीब.

त्याच उन्हाळ्यात एकदा वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला पाऊण तास लागला. उघडता येईल अशी एकही खिडकी मी ठेवली नव्हती. दिवस गेलेल्या एक बाई गुदमरून चौदा मजले जिना उतरून खाली आल्या. सुदैवाने पुढे सारे ठीक झाले. पण ही हकिगत कळल्यापासून त्या इमारतीचे छायाचित्र माझ्या कचेरीच्या भिंतीवर नाही.

आज तेच काम मिळाले, तर काच पाच-सहा फूट आत घेईन आणि पुढे खोल गॅलरी, उभ्या पट्ट्या देईन. लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे यांतले जमेल तितके नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात ठेवीन, म्हणजे उन्हाचा तडाखा माणसांऐवजी भिंती सोसतील. प्रत्येक मजल्यावर उघडणाऱ्या खिडक्या असतील. खारा वारा सळ्यांना गंज चढवतो, म्हणून त्यांवर काँक्रीटचे आवरण जाड घालीन. विजेची यंत्रणा तळघरात नेणार नाही. इमारत दुरून कदाचित तेवढी चकचकीत दिसणार नाही. न दिसो.

परवा संध्याकाळी त्या बाजूने गेलो होतो. पडदे अजून खालीच होते. कचेरी सुटली होती आणि दिवसभर समुद्रासमोर बसलेली माणसे समुद्र पाहायला खाली कठड्यावर येऊन बसली होती.